बेलिफ काकाजी आणि मुन्सफची जागा

अनघा, निखिल,

परवा फोनवर तुम्ही दोघं रडतही होतात आणि भांडतही होतात. तुमची कुत्री कुकी गेली. आता तिला पुरायचं की जाळायचं, आणि जाळायचं तर कोणाकडे, असा वाद. एक जण म्हणे एकटीला जाळतो. दुसरा चार-पाच जणांना मिळून जाळतो आणि राख डबीत भरून घरपोच देतो. निखिल म्हणाला, "आजी, ती राख कुकीचीच कशावरून?" मी पटकन बोलून गेले, "जामीन कोण?" तुम्हाला वाटलं, आजीचं वय झालं. वय झालंच आहे, पण ते शब्द माझे नव्हेत. ते ज्यांचे होते त्यांच्याविषयी आमच्या घरात कोणी कधी सरळ बोललं नाही. हसायचे तरी, नाहीतर लाजून विषय बदलायचे. कुकीला तिथे दवाखान्यात आठवडाभर बर्फात ठेवता येतं म्हणालात, म्हणजे वेळ आहे. आधी हे वाचा.

तुमच्या आजोबांचे काका पांढरकवड्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होते. जप्ती करायची, कुलपांवर लाखेची मोहोर लावायची, दोन पंच उभे करून पंचनामा लिहायचा, यात त्यांचा जन्म गेला. पेन्शन मिळाली तरी बेलिफी सुटली नाही. सारं गाव त्यांना बेलिफसाहेब म्हणे, आम्ही काकाजी.

मी नागपूरहून बी.ए. होऊन या घरात सून म्हणून आले. पहिल्याच सकाळी काकाजींसमोर चहा ठेवला.

"साखर टाकली?"

"हो."

"जामीन कोण?"

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. काकीजी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "मी हावो जामीन! प्या आता मुकाट्यानं!" तेव्हा कुठे त्यांनी कप उचलला.

न्हावी म्हणाला उद्या येतो, तर जामीन कोण? ज्योतिषी म्हणाला पाऊस बरा आहे, तर जामीन कोण? लोणच्याची बरणी भरली की काकाजी तिच्या दादऱ्यावर, म्हणजे तोंडाला बांधलेल्या फडक्यावर, लाख वितळवून अंगठीचा ठसा उठवत. ती मोहोर फोडायची तर दोन पंच हजर पाहिजेत. माझा भाऊ पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा पानावर लोणचं वाढायचं होतं. माझे सासरे, म्हणजे काकाजींचे थोरले भाऊ, आणि शेजारचे मास्तर बरणीच्या दोन बाजूंना उभे राहिले. काकाजींनी विचारलं, "मोहोर शाबूत हाय?" सासरे गंभीरपणे म्हणाले, "शाबूत आहे." माझा भाऊ हातातला घास तसाच धरून पाहत राहिला. मला वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं.

एक गोष्ट मात्र तेव्हाही मला खटकली होती. घरातले सगळे काकाजींना हसत, पण माझे सासरे कधीच हसले नाहीत. हाक मारली की हातातलं काम टाकून पंच व्हायला उठत.

काकाजींचा एक कुत्रा होता. तांबडा, गावठी, एक कान खाली पडलेला. एका गावी ते जप्तीला गेले तर घरवाला आधीच पसार झालेला. दारात हे पिल्लू तेवढं बसलेलं. "साऱ्या गल्लीत खोटं न बोलनारं ते एकलंच होतं," म्हणून त्याचं नाव त्यांनी मुन्सफ ठेवलं.

घरात ठीक होतं हो. पण खरे मुन्सफसाहेब, म्हणजे कोर्टाचे न्यायाधीश, एकदा सपत्नीक आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला आले. साहेबांनी चकली तोंडात घातली आणि अंगणातून काकाजींचा आवाज आला, "मुन्सफ! टाक ते तोंडातलं! लाज नाही वाटत चोरून खायची?" साहेबांची चकली तशीच ओठांत राहिली. तुमचे आजोबा तेव्हा शाळेत शिकवत; त्यानंतर महिनाभर ते कोर्टाच्या रस्त्याने शाळेत जात नव्हते. वळसा घालून जात.

मुन्सफ म्हातारा झाला. मागच्या पायांनी अधू झाला. तेव्हा काकाजींनी त्याच्यासाठी जागा शोधायला सुरुवात केली. कुत्रा जिवंत होता, अंगणात ऊन खात पडलेला होता, आणि हे त्याच्या मातीची जागा शोधत गावभर फिरत होते. हा छप्पन-सत्तावनचा काळ. तेव्हा मेलेल्या कुत्र्याच्या पायाला दोरी बांधून नगरपालिकेचा माणूस ओढत नेई, आणि नाल्यापलीकडे टाकून येई. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

"सूनबाई, चाल. तू पंच."

"मी कशाला, काकाजी?"

"इंग्रजी शिकलेली बाई खोटी साक्ष देत नाही. मनातल्या मनात मराठी करता करता खरंच निघून जाते."

डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून मी निघाले. आधी नगरपालिका. जमादार विडी विझवून उभा राहिला.

"कुत्रं मेलं तं कोठी नेता?"

"तिकडे, जी."

"तिकडे म्हंजे कोठी?"

"तिकडेच, जी. नाल्याकडे."

"दुसऱ्या दिवशी मी आलो तं जागा दाखवशील?"

जमादार माझ्याकडे पाहायला लागला. याला काय सांगू, असा त्याचा चेहरा. आतले दोन कारकून हसत होते, तेही मला दिसलं. काकाजी वळले. "हा माणूस 'तिकडे' म्हंते, सूनबाई. नापास."

मग कोणी सुचवलं, केळापूरच्या वाटेवर खुनी नदीचा काठ आहे, मऊ माती आहे. आम्ही गेलो. काकाजी दरडीवरच थांबले. खाली उतरले नाहीत. मी म्हटलं, "जागा चांगली आहे की." ते पाण्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "नदीचा जामीन कोनी होत नाही." आणि माझी वाट न पाहता परत फिरले.

त्यानंतर ते मला वस्तीत घेऊन गेले, आणि त्या दिवसाची आठवण झाली की आजही माझे कान तापतात. मेलेली ढोरं ओढायचं काम ज्यांच्या गळ्यात गावाने पिढ्यान् पिढ्या बांधलं होतं, त्यांची ती वस्ती. आदल्या दसऱ्याला ती माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं, आणि काकाजींनाही होतं. पण त्यांच्या मते जुना विश्वासू माणूस तो जुनाच.

"दौलत्या! हावे काय घरी?"

आतून पांढरा सदरा घातलेला एक साठीचा माणूस आला. "दौलतराव म्हना, बेलिफसाहेब. बसा."

काकाजी बसले नाहीत. "माह्या मुन्सफचं कराचं हाय. तुह्या हातची माती पाह्यजे. तू जागा इसरनार नाही."

"आमी सोडलं ते काम. ढोर नाही, कुत्रं बी नाही."

"अरे, मी काय कोनाबी सारखा…"

"तुमी कोनीबी असा." दौलतराव आवाज न चढवता बोलले. "एक इचारू? तुमचं लेकरू असतं, तं दुसऱ्याच्या हातानं पुराले देलं असतं काय?"

काकाजींचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं, आता ओरडतील. जामीन मागतील. पण त्यांनी दौलतरावांना हात जोडले आणि वाटेला लागले. मला वाटलं अपमान लागला. घरी मी तसं सांगितलंही, आणि ते ऐकून माझे सासरे जेवणाच्या पानावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून काकाजी परसात लोखंडी सब्बल घेऊन खड्डे खणायची सवय करू लागले. सत्तरीचं वय. हाताला फोड आले. शेजारी कुंपणावरून विचारत, "काय बेलिफसाहेब, धन सापडलं काय?" आम्ही खिडक्या लावून घेत असू.

जागा शेवटी बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर मिळाली. तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक; त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं जुनं झाड होतं. नायक म्हणाला, "बापू, आमचे आजे बैलांवर माल घेऊन मुलूखभर फिरत. राती राखन कुत्र्याचीच. कुत्र्याले आमी टाकत नसतो."

"अन् नांगर फिरला तं?"

"धुऱ्यावर नांगर फिरत नसते."

"जामीन कोण?"

नायक हसला, पण त्याची बायको हसली नाही. हातातला झाडू दाखवत ती म्हणाली, "बापू, फुलं पडाच्या आंधी दरसाल मी ह्या मोहाखाली झाडतो. फुलात माती नको म्हनून. तुमचं कुत्रं बी त्याच झाडन्यात येईन. मी नसली तं माही सून झाडन."

काकाजींनी तो झाडू हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "पास."

होळीनंतर मुन्सफ गेला. बाजारात बातमी अशी पसरली की एक वकील हार घेऊन साहेबांच्या बंगल्यावर पोचले. तुमच्या आजोबांनी त्या दिवशी शाळेतून रजाच घेतली. बैलगाडीत धुतलेल्या धोतरात गुंडाळलेला मुन्सफ, शेजारी काकाजी, मागे काकीजी आणि मी. बाजारातून जाताना दुकानांतले लोक उभे राहून पाहत होते. कोणीतरी "मुन्सफ अमर रहे" म्हणालं. मी मान वर केली नाही. काकीजींच्या मांडीवर मिठाची पुरचुंडी होती. कुत्र्याला मीठ कशाला, हे मी विचारलं नाही. सगळंच विचित्र होतं, त्यात हेही एक.

काकाजींनी एकट्यानेच खणलं. नायकाने कुदळीला हात घातला तर त्यांनी तो बाजूला सारला. मुन्सफला खाली ठेवलं, काकीजींनी मीठ घातलं, माती लोटली, वर दगड बसवला. मग काकाजी घामाने निथळत माझ्यासमोर आले.

"सूनबाई, कोठी हाय?"

मला कळेना.

"मुन्सफ कोठी हाय? बोट दाखव."

मी दगडाकडे बोट केलं. मग त्यांनी नायकाला विचारलं. मग त्याच्या बायकोला. मग गाडीवानाला. प्रत्येकाने बोट दाखवलं. गाडीवानाला हसू आवरेना. काकाजींनी चौघांची बोटं डोळे बारीक करून पाहिली आणि म्हणाले, "एकाच जागी हाय. चौघांचं एकाच जागी हाय." आणि दगडाशी जे बसले ते उठेनात.

काकीजी मला मोहाच्या पलीकडे घेऊन गेल्या.

"हासू नको व बाई."

"नाही हसत, काकीजी. पण हे काय?"

"आमची बबी रांगत होती तवा गेली. ताप आलता. हे जप्तीवर गेलते, नदीले पूर. आले तवा सारं आटपलं होतं. लहान लेकरू, जाळत नसतेत, मीठ घालून पुरतेत. चार मानसं गेलती नदीवर. ह्यायनं इचारलं, कोठी पुरली? चौघायनं चार जागा दाखवल्या." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "घाई होती, पानी पडून राह्यलं होतं. कोनी पाह्यलंच नव्हतं धड. चौघांत तुहे सासरे बी होते."

मी झाडाकडे तोंड केलं. गाडीवान अजून हसत होता. त्याचा आवाज मला ऐकवत नव्हता, कारण वाटभर मीही मनात तेच करत होते. आपल्या घरची ही गोष्ट लोणच्याच्या बरणीवर रोज मोहोर होऊन बसत होती, आणि आम्ही पाहुण्यांपुढे त्या मोहोरेला लाजत होतो.

घरी परतलो तेव्हा सासरे ओसरीवर उभे होते. त्यांनी इतकंच विचारलं, "जागा पक्की आहे?"

काकाजी म्हणाले, "तू कवा येतं? तुह्यं बोट बाकी हाय."

दुसऱ्या सकाळी दोघे भाऊ पायी तांड्यावर गेले. तिथे काय बोलले ते मला माहीत नाही. परत आल्यावर काकाजींनी चहा मागितला, मी दिला, आणि साखरेचं न विचारता त्यांनी तो प्यायला. लोणच्याच्या बरणीवर मोहोर मात्र शेवटपर्यंत लावत राहिले. माणूस एका दिवसात किती बदलणार!

तर पोरांनो, जो तुम्हाला काचेमागे उभं राहून सारं पाहू देतो, त्याच्याकडेच कुकीला न्या. कागदावर विसंबू नका. आणि दोघंही जा, एकट्याने नको. नंतर एकमेकांना विचारता आलं पाहिजे.

मोह अजून उभा आहे. दगडही आहे, थोडा कलला आहे. फुलं पडायच्या आधी नायकाची नातसून त्याच्या भोवतीची जागा झाडते, आणि विचारलं तर बोट दाखवते.