दोन नऊ नंबरांमधली मुलाखत

"मला गोंधळात टाकेल असा प्रश्न अजून जन्माला यायचाय!" असं सकाळी न्याहारीच्या टेबलावर जाहीर करून ब्रायनी मेटकाफनं टोस्टचा तुकडा मोडला. इंग्लंडमधल्या व्हिटबी या बंदरगावाच्या चढाच्या गल्ल्यांमधून इंग्रजी साहित्य शिकायला मोठ्या विद्यापीठात जाणारी ती घराण्यातली पहिलीच होणार होती. म्हणजे प्रवेशाच्या मुलाखतीत निभाव लागला तर. मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती.

"अगं, पण समोर प्रोफेसर असणार," तिचे बाबा म्हणाले. ते हेरिंग मासे धुरावर भाजायचे, त्यामुळे त्यांच्या काळजीलासुद्धा धुराचा वास यायचा.

"म्हणून तर आज सराव आहे!"

सराव शाळेतल्या थ्रेलकेल्डबाईंनी ठरवला होता. टेकडीवरच्या गल्लीत नऊ नंबरच्या घरात डिन्सडेल नावाचे निवृत्त प्रोफेसर राहत, ते चार वाजता खोटी मुलाखत घेणार होते. बाईंनी बजावलं होतं, "ते वाटेल ते विचारतील. गांगरायचं नाही. ठासून बोलायचं!"

पण सहा नंबरच्या दारावरच्या पितळी 6 चा वरचा खिळा त्या आठवड्यातच निखळला होता आणि आकडा उलटा लोंबत होता. ब्रायनीला पहिला 9 तोच दिसला. तिनं बेल दाबली.

दार उघडलं ते विल्फ्रेड आउथवेट नावाच्या पासष्टीच्या गृहस्थांनी. आपल्या एक्क्याण्णव वर्षांच्या आईला सांभाळायला त्यांना बाई हवी होती आणि एजन्सी चार वाजता एकीला पाठवणार होती.

"अगदी वेळेवर! बस. अनुभव किती?"

"लहानपणापासून. आजोबांपासून सुरुवात केली. म्हणजे आजोबांकडे होते त्यांच्यापासून," वाचनाबद्दलच विचारतायत असं धरून ब्रायनी म्हणाली.

"वा! म्हातारी माणसं आवडतात?"

लेखकांबद्दल विचारतायत, ब्रायनीनं ओळखलं. "आवडतात. पण खरं सांगू? मेलेली जास्त!"

आउथवेट खुर्चीत सरळ झाले. "मेलेली?"

"जिवंत असली की मतं बदलत बसतात. मेलेल्यांचा काही त्रास नाही!"

"बरं... एका वेळी किती जमतात?"

"दोन-तीन. गेल्या हिवाळ्यात सहा संपवले."

"स-सहा?"

"एक तर एका रविवारात! चांगलाच जाडजूड होता. पण उशी घेतली आणि चहाच्या वेळेआत खलास!"

आउथवेटांनी बंद दाराकडे पाहिलं. त्यामागे त्यांची आई बसली होती. "आणि... नंतर त्यांचं काय करतेस?"

"बहुतेक कपाटात. फार झाले की बाबा तळघरात नेतात."

त्यांचा चेहरा शिजवलेल्या कोबीसारखा झाला. माझं प्रत्येक उत्तर ऐकून हा माणूस का घाबरतोय, हे ब्रायनीला कळेना. पण गांगरायचं नव्हतं!

"अंघोळ घालता येते का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

अंघोळ? नक्कीच प्रतीक! "पाण्यात उतरणं म्हणजे," ती ठासून म्हणाली, "जुना देह कायमचा टाकून देणं!"

"आई, दाराला आतून कडी लाव!" आउथवेट ओरडले.

कडी लागली नाही. दार उघडून काठीवर रेलत म्हातारीच बाहेर आली. "विल्फ्रेड, मला हीच पाहिजे! आधीच्या तिघी माझ्याशी तान्ह्या बाळासारखं बोलल्या. ही निदान स्पष्ट सांगते!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात निळा अंगरखा घातलेली एक दणकट बाई धापा टाकत होती. "एजन्सीनं पाठवलंय. माफ करा हं, सहा नंबर कुठं दिसेना, म्हणून विचारायला पुढच्या नऊमध्ये शिरले. तिथल्या प्रोफेसरांनी बसवून घेतलं, एक कविता हातात दिली आणि विचारलं, यात तुम्हाला काय दिसतं? मी म्हटलं, काही कळलं नाही बुवा! तर ते इतके खूष झाले! म्हणाले, चाळीस वर्षांत इतकं प्रामाणिक उत्तर ऐकलं नाही. मला प्रवेश दिलाय म्हणे!"

ब्रायनी लाल झाली, मग पांढरी, मग पुन्हा लाल. पुस्तकांचा खुलासा करायला तिला पाच मिनिटं लागली आणि आउथवेटांना तो पटायला वीस. ती धावत खऱ्या नऊवर गेली, तर दाराला कुलूप! सराव झाला म्हणून प्रोफेसर निश्चिंत मनानं बहिणीकडे निघून गेले होते.

"बावळट आहेस," म्हातारी आउथवेटबाई म्हणाली, "पण रडू नकोस. अंघोळीला ही बाई राहील. तू शनिवारी येऊन मला वाचून दाखव. माझे डोळे अधू झालेत, डोकं शाबूत आहे."

तीन शनिवार ब्रायनीनं वाचलं आणि दर ओळीला म्हातारीनं काठी आपटली. "का? असं का म्हणाला तो? तुला काय वाटतं? पुस्तकातलं नको, तुझं सांग!" पहिल्या शनिवारी ब्रायनी कावली, दुसऱ्या शनिवारी भांडली, तिसऱ्या शनिवारी तर म्हातारीला गप्प करून घरी आली. त्यानंतर खऱ्या मुलाखतीतले दोघं प्रोफेसर तिला फारच गरीब वाटले. एक ओळ कळली नाही तेव्हा तिनं तसं सरळ सांगितलं, आणि मग तिघं मिळून त्या ओळीशी झटत बसले.

जानेवारीत प्रवेशाचं पत्र आलं. बाबांनी त्या दिवशी मासे करपवले. ब्रायनी पत्र घेऊन टेकडी चढली. आउथवेटबाईंनी भिंग लावून ते दोनदा वाचलं.

"दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम द्यायचा राहिलाय," म्हातारी म्हणाली. "या लोकांकडे तू शिकायला जाणार?"