उजव्या पायाचं माप

आप्पांच्या उजव्या पायासाठी यंदा थेट दहा नंबरचा बूट आणायचा, असं चिरंजीवांनी ठरवलं आणि तिथेच बिंग फुटायला सुरुवात झाली. आप्पांचा डावा पाय अजून सात नंबरातच होता, पण चिरंजीव तेवढ्यानं डगमगणारे नव्हते. बुटांच्या दुकानात उभं आयुष्य काढलेला माणूस. (उभं कसलं, गिऱ्हाइकांच्या पायाशी उकिडवं बसूनच काढलेलं.) वडलांचा अंगठा सुजला की चिरंजीव म्हणायचे, बूट चावतोय, आणि संध्याकाळी मोठ्या नंबरचा जोड घेऊन हजर व्हायचे. पायांच्या बाबतीत घरात दुसऱ्या कुणाची बोलायची प्राज्ञा नव्हती.

सूनबाई कॉटखाली झाडायला वाकली, तर तिथे न वापरलेल्या डाव्या बुटांची पलटण.

"अहो, बूट चावतो म्हणता," ती नवऱ्याला म्हणाली, "मग पांघरूण लागलं तरी आप्पा का कळवळतात? झोपताना बूट घालतात का?"

चिरंजीवांनी यावर चामड्याच्या प्रकारांबद्दल व्याख्यान सुरू केलं. ते संपायच्या आत सूनबाईनं सासऱ्यांना दवाखान्यात नेलंसुद्धा. चिरंजीव मागून धापा टाकत पोचले.

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याशेजारची कडक गाठ पाहिली, रक्त तपासलं आणि सांगितलं की हा गाऊट आहे. युरिक ॲसिड साठून सांध्यात खडे झालेत, दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलंय. आता गोळी रोज घ्यायची, दुखत नसलं तरी घ्यायची. नाहीतर सांधा कायमचा जाईल आणि चालणं बंद होईल. कोपऱ्यावरचा बाक आणि त्यावरचे दोन म्हातारे मित्र, एवढंच आप्पांचं जग उरलं होतं.

"इतकी वर्षं इलाज कोण करत होतं?" बाईंनी विचारलं.

सूनबाईनं नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्यानं बाईंच्या सँडलकडे. (पाच नंबर. टाच झिजलेली.)

गोळ्या सुरू झाल्या. चिरंजीव रोज स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहायचे. हळूहळू सूज उतरली, आप्पा पुन्हा बाकापर्यंत जाऊ लागले. एका संध्याकाळी चिरंजीवांना राहवेना.

"आप्पा, दोष बुटाचा नाही हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं की. अनवाणी असलो तरी ठणकायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू दिवसभर लोकांचे पाय बघून यायचास, जेवायचास, झोपायचास. नवा बूट आणलास की तेवढा माझ्यापाशी बसायचास."

चिरंजीव तिथंच फरशीवर बसले, वडलांचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाले की यापुढे बूट असो नसो, मी रोज असाच बसणार.

"बस की," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पाय अलगद काढून घेतला. "फक्त हात लावू नकोस बाबा. तू दाबून माप बघायचास ना, त्या दुखण्यापेक्षा ते जास्त दुखायचं."