बदक वर येईपर्यंत

आमचे शिर्केकाका बदकाबरोबर श्वास धरतात. तळ्यात बदकाने बुडी मारली की काठावर काकांचे गाल फुगतात, आणि ते वर येईपर्यंत हा माणूस लालबुंद होऊन उभा. एकदा सहलीला आलेल्या एका बाईंनी घाबरून त्यांच्या छातीला बाम चोळायला घेतला होता. काका नुसते हातानेच नको नको करत होते, कारण बोलण्याची सोय नव्हती.

मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. रेल्वेतून निवृत्त झाले, काकू गेल्या आणि काकांना शेंडी बदकाचा नाद लागला. थंडीत हे पाहुणे हिमालयापलीकडून डभोईकडच्या तलावावर उतरतात आणि काका माझ्या स्कूटरवर मागे बसतात. मला विचारण्याचा प्रश्नच नसतो, गुजराती वळणाच्या मराठीत हुकूमच येतो. "विनय, काढ ने स्कूटर. आपली माणसं आली."

त्यांच्या लेखी बदकांत दोनच जाती. "शेपूट वर करून नुसतं डोकं बुडवतं, ते तरंगणारं. आपलं अख्खं जातं. तळाच्या गोगलगायी खातं. बघ ने, पाण्यात कसं खोल बसलंय. उडताना आधी पाण्यावर धावेल." नर काळा, कुशी पांढऱ्या, डोळा पिवळा, डोक्यामागे लोंबती शेंडी. मादी तपकिरी, शेंडी नावापुरती. हे मला पाठ आहे, कारण काकांचा जीव याच फरकावर टांगलेला असतो. बुडते तपकिरी मादी आणि वर येतो काळा नर. मी म्हणतो, "आलं वर, सोडा श्वास." काका मान हलवतात. हे ते नव्हे. मग लांब कुठेतरी तपकिरी डोकं निघतं आणि काका सुस्कारा सोडतात, "आली बाई."

पाण्याखाली कोणी असताना काठ सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. चहाचा खोळंबा होतो म्हणून मी वैतागायचो. "ती काय तुमच्यासाठी वर येते?"

"ना रे. पण येईल तेव्हा कोणी बघणारं नको?"

गेल्या हिवाळ्यात माझ्या बायकोच्या, माधवीच्या, हृदयाचं ऑपरेशन होतं. धोका आहे, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. काका सकाळपासून माझ्या शेजारी बाकावर. मी म्हटलं, "वेळ लागेल काका. खाली जाऊन चहा तरी घ्या."

"कुसुमच्या वेळी चहालाच गेलो होतो," ते म्हणाले. "वर आलो तोवर संपलं होतं."

काकूंचं हे इतक्या वर्षांच्या शेजारात मला ठाऊक नव्हतं. ऑपरेशन काही बुडीएवढं थोडक्यात आटपणारं नव्हतं, म्हणून काका थोडाथोडा श्वास धरत होते, सोडत होते, पुन्हा धरत होते. नजर ऑपरेशन थिएटरच्या दारावर. दार उघडून एक ट्रॉली बाहेर आली, तसा मी धडपडत उठलो. काकांनी माझा हात धरून मान हलवली. ही आपली नव्हे.

खूप वेळाने माधवी आली. सगळं ठीक झालं, असं डॉक्टर सांगत होते, तरी काकांनी वाकून तिचा चेहरा नीट पाहिला. मगच श्वास सोडला. "आली बाई," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले.

डॉक्टरांचे आभार मी तिथेच मानले. काकांचे कसे मानायचे ते अजून सुचलेलं नाही. यंदा तळ्यावर मीही त्यांच्याबरोबर श्वास धरतो. त्यांच्याएवढा टिकत नाही, पण चहाला चला असं आता म्हणत नाही.