बांबूवरचे तोरण

गायरानावर त्या दिवशी गावकरी तीनशे सत्त्याऐंशी होते, बँड एक, घोडी एक आणि आंतरराष्ट्रीय खेळाडू एक. प्रयोग पुन्हा करून दाखवता आला तरच तो खरा, हे विज्ञानाचे तत्त्व आहे. श्रीगोंदा तालुक्यातल्या या गावाने ते खेळालाही लावले, याबद्दल गावाचे कौतुकच व्हायला हवे.

घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या खेळात विजयमालाने नऊ देशांत पदके मिळवली होती. गेल्याच महिन्यात जर्मनीत तिने दीड मीटर उंचीचे बारा अडथळे एकही दांडी न पाडता पार केले होते. आता तिला गावातच सरावाचे मैदान हवे होते, आणि मोकळी जागा या गायरानाचीच उरली होती. तिथे मंगल कार्यालय बांधावे असाही एक विचार होता (लग्ने दरवर्षी होतात, पदके होतीलच असे नाही).

"पदक काय, दुकानातबी मिळतं," सरपंच मच्छिंद्रराव ग्रामसभेत म्हणाले. "उडी दाखव पोरी, लगेच जागा देतो."

विजयमालाचा घोडा जर्मनीत होता. म्हणून जालिंदरची बिजली ठरली. पांढरी, अनुभवी, तीनशे नवरदेव मिरवलेली. अडथळा साठ सेंटिमीटरचा, एका बांबूचा. सकाळी बिजलीने तो दोनदा सहज ओलांडला. विजयमालाने खूश होऊन स्वतःच आंतरराष्ट्रीय नियम फळ्यावर लिहिले: घोडा एकदा थांबला तर चार दोष, दुसऱ्यांदा थांबला तर बाद.

दुपारी स्वागत समितीला बांबू फार बोडका वाटला. तिने दोन्ही टोकांना केळीचे खांब उभे केले आणि वर झेंडूचे तोरण बांधले. स्वार खालून जाईल इतके उंच बांधले (समिती अडाणी नव्हती).

बँड वाजला. बिजली दौडत आली आणि तोरणासमोर जागच्या जागी उभी राहिली. चार दोष.

"जालिंदरकाका, हिला झालं काय?"

"काय न्हाई ताई. तोरन दिसलं. मांडव आला म्हनून थांबली. लई शिस्तीची हाय."

"मग तोरण काढा."

बायकांत कुजबुज झाली. "शुभकार्यात तोरन काढत न्हाईत, बाळा," राहीबाई म्हणाल्या. राहीबाई समितीच्या अध्यक्ष होत्या. विषय संपला.

दुसऱ्या फेरीत विजयमालाने घोडी दुरून वळवून आणली, टाचा आवळल्या, नऊ देशांत शिकलेले सगळे वापरले. बिजली तोरणासमोर थांबली आणि मान खाली घालून वाट पाहू लागली. घोडी दारात उभी आणि कोणी ओवाळत नाही, हे राहीबाईंना बघवेना. त्यांनी ताट आणून दोघींना ओवाळले. औक्षण झाले की वरचा माणूस उतरतो, हे बिजलीला माहीत होते. ती हलेना. विजयमाला उतरली.

"गावाला काय पायजे ते जनावरालाबी कळतं," सरपंच म्हणाले.

लगेच हात मोजले. मंगल कार्यालयासाठी तीनशे शहाऐंशी (लहान मुलांचेही धरले, कोणालाच वगळले नाही). मैदानासाठी एक, विजयमालाच्या आईचा, सविताबाईंचा, तोही खांद्याइतकाच वर (शेजारी राहीबाई होत्या).

तोरणासमोर थांबलेल्या बिजलीचा व्हिडिओ आजवर नऊ लाख चौतीस हजार लोकांनी पाहिला आहे. त्याखाली सव्वीस हजार सुजाण लोकांनी गावाच्या अडाणीपणाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. जर्मनीतल्या फेरीचा व्हिडिओ त्याच्या लगेच खाली दिसतो. तो पाहणारे दोनशे चौदा.