कणगीतली बाटली

आमच्या शालनची एक गोष्ट मला मुळीच पसंत नव्हती. पोटचं पोर सहा महिन्यांचं, आणि ही सूनबाई त्याच्यासाठी काचेची बाटली भरून माझ्याजवळ ठेवून सकाळी सातला औषधाच्या कारखान्यात जायची. बाटली तरी कसली! होडीसारखी आडवी, दोन्ही टोकांना रबरी बोंडं. पिंपरीगावात आमच्या भावकीत असली वस्तू कुणी पाहिली नव्हती. मी पाच पोरं अंगावर वाढवली, आणि दूध आटलं तेव्हा पितळी बोंडल्यानं पाजलं.

"डब्यातलं दूध पिऊन पोर डब्यागतच व्हईल," मी रोज ऐकवायची. ती हसून पदर खोचायची. उलट बोलत नसे, त्याचाच राग यायचा.

बोलायला घरात दुसरं होतं तरी कोण? मालकांना जाऊन दोन वर्षं झालेली. लेक बन्सी खडकीला कामाला, अंधारात जायचा, अंधारात यायचा.

एका सोमवारी मी ठरवलं, बाटलीच नसली तर ही घरी राहील. बसू दोघी, चार शब्द बोलू. तिची आंघोळ चालली होती तेवढ्यात मी कोपरापर्यंत हात घालून बाटली कणगीत, बाजरीखाली पुरली.

शालननं फडताळ पालथं घातलं, चुलीमागं पाहिलं. कारखान्याचा भोंगा झाला.

"आत्याबाई, बाटली दिसली का वो?"

"मी काय बाटलीची राखणदार हाय?"

"मग आजच्या दिस बोंडल्यानं पाजा," म्हणाली आणि निघून गेली!

नऊला माझा नातू, गेनू, उठला. बोंडल्यातलं दूध त्यानं फुर्रकन माझ्याच तोंडावर उडवलं. नाव आजोबांचं, हट्टही त्यांचाच. रडून लालबुंद झाला. कणगीत हात घातला, तर बाटली खाली खाली सरकलेली. मग मला सुचू नये ते सुचलं. कणगीच्या बुडाशी भोक असतं, त्यातला चिंध्यांचा बोळा मी उपसला. बाजरी अशी सुटली की माझे घोटे बुडाले. पाठोपाठ शेजारच्या कमरुन्निसाच्या सात कोंबड्या आत शिरल्या, आणि कोंबड्यांमागं कमरुन्निसा.

"या अल्ला! पुतळाबाई, बाजरी का सांडलीस?"

"हवा खायला काढलीय!"

"आन् पोरगं बेजार झालंय ते? दे हिकडं, आईकडं नेते गेटावर."

गेनूचं रडणं पांदीच्या वळणापर्यंत ऐकू आलं. मग तेही थांबलं. तेवढ्यात बाटली आपणहून खाली आली आणि भोकात बसली. बाजरी थांबली. आता ती काढून भरायची कुणासाठी?

"खा गं निवांत," मी एका कोंबडीला म्हटलं. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा टिपू लागली. त्या घरात तासभर दुसरा आवाज नव्हता.

शालन सुट्टी टाकून कमरुन्निसासंगं परत आली तेव्हा गेनू आईच्या खांद्यावर पोटभर पिऊन झोपला होता.

"पुतळाबाई, तिथं पाळणाघर हाय!" कमरुन्निसा दारातूनच ओरडली. "बायांना मधी दोन डाव पाजायला सोडत्यात. दाई म्हनली, हिला चारदा सांगितलं, पोर आण, तर ऐकंना. बाटलीच बरी म्हनती!"

मला आयतंच सापडलं. "का गं? अंगावर पाजायला लाज वाटती?"

शालन बाजरी सुपात भरू लागली. मान खालीच.

"त्याला नेलं तर तुमी दिसभर कुनाशी बोलनार, आत्याबाई?"

कमरुन्निसा एकाएकी फारच जोरात कोंबड्या हाकायला लागली. मी पदरानं तोंड पुसलं. त्यावरचं दूध केव्हाच वाळलं होतं, तरी पुसलं.

"शालन," मी म्हटलं, "तुला कवडीची अक्कल न्हाई. उद्या गेनूसंगं मीबी येते. त्या दाईला पाळणा हलवता येतो का, ते कुणी बघायचं? आन् ती बाटली काढू नगंस. बोळा म्हणून झ्याक बसलीय."