गुंडूआप्पांनी पास केलेली पत्रिका

आमच्या शेजारचे गुंडूआप्पा लग्नपत्रिकेच्या दुकानात जाताना खिशात हळदीची डबी ठेवतात. दुकानदाराने नमुना पुढे केला, की त्याच्याच पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून हळद कालवतात आणि पत्रिकेच्या कोपऱ्यावर दाबतात. कागदाने हळद धरली तर पास, ओघळली तर रिजेक्ट.

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत त्यांनी हयातभर माल तपासला. निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. आमच्या घरचा चहा त्यांनी कितीदा तरी रिजेक्ट केलाय, आणि दर वेळी कप रिकामा करूनच.

माझ्या मुलीच्या रिसेप्शनची पत्रिका ठरवायला मी त्यांना सोबत नेलं, ही चूक माझीच. व्याही गोकाकचे, कानडी. म्हणून एका बाजूला मराठी आणि मागे कन्नड छापायचं ठरलं होतं. पहिल्याच चकचकीत पत्रिकेवरून हळद ओघळून काउंटरवर आली. दुकानदार "बॅडा री, बॅडा" असं कानडीत नको नको करत फडकं शोधू लागला.

"देवाम्होरं ठेवायची पत्रिका ही," आप्पा शांतपणे म्हणाले. "हळद न्हाय धरत, मग कसली शुभ? रिजेक्ट."

दुसरी त्यांनी उजेडात धरली. "मराठीच्या पाठीतनं कानडी दिसालंय. दोघास्नीबी वाचाय येणार न्हाय."

अकरा नमुने पिवळे झाल्यावर बारावा, जाड आणि खरबरीत, पास झाला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात आप्पा पाकिटांकडे वळले आणि मी अडवायच्या आत त्यांनी डिंक चाटून बघितला.

पाकिटांवर नावं घालायचं कामही त्यांनी ओढून घेतलं. मी छापील चिठ्ठ्या सुचवल्या, तर म्हणाले, "ही काय औषधाची बाटली हाय व्हय रं?" चार दिवस आमच्या सोप्यात बसून त्यांनी बेळगुंदीच्या मामांपासून निपाणीच्या आत्यापर्यंत प्रत्येकाचं नाव टपोऱ्या अक्षरात पूर्ण लिहिलं. मला त्यांचं भारी कौतुक वाटलं.

शेवटच्या दिवशी बायकोने गठ्ठा चाळून विचारलं, "आप्पा, तुमचं पाकीट कुठाय?"

आप्पा ज्याच्याकडे राहतात, त्या पुतण्याच्या नावाचं पाकीट त्यांनी दाखवलं. खाली 'व परिवार' लिहिलं होतं. "ह्यातच आलो की मी. लगीन न्हाय केलं, म्हणून थोरला भाऊ आण्णा असताना त्याच्या पाकिटावर 'व बंधू' असायचो. आता परिवारात. बढतीच म्हण की."

ते हसले. आम्हाला हसता आलं नाही. तीनशे माणसांची नावं लिहिणाऱ्या या माणसाला उभ्या आयुष्यात स्वतःच्या नावाची पत्रिका आली नव्हती, आणि शेजारी राहून मला ते कधी दिसलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रीतसर पत्रिका घेऊन त्यांच्या दारात गेलो. पाकीट मी लिहिलं होतं. आप्पांनी आधी आत जाऊन टोपी घातली. मग दोन्ही हातांनी पाकीट घेतलं आणि सावकाश वाचलं, "श्री. गुंडू बाळाप्पा चौगुले."

मी निकालाची वाट बघत उभा राहिलो. पाकीट छातीशी धरून त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"सूनबाई, च्या ठेव गं," ते म्हणाले. "माझ्याकडं पावणं आल्यात."