फ्लॉसी आंटींचं आभारपत्र

एकवीस दिवसांत सुखी व्हायचं, हे मी पक्कं ठरवलं होतं! आणि असं हवेत नाही, रीतसर. मोबाइलवर सकारात्मक मानसशास्त्राचा फुकटचा अभ्यासक्रमच लावला होता. पिंकीला पाजताना माझा एक हात मोकळा असतो. त्या हाताने मी सुखी होत होते.

पिंकी माझी दहा महिन्यांची लेक. ती झोपत नाही असं नाही, झोपते. पण स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या रिक्षावाल्यासारखी, कुणी नुसतं खाकरलं तरी चालू! त्यामुळे गेले दहा महिने मी जागी आहे की स्वप्नात, ते मलाही नीट सांगता येत नाही. परवा देवापुढे उदबत्तीऐवजी थर्मामीटर ठेवला. देवाला ताप नव्हता.

पहिला धडा होता, रोज घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा. मी लिहिलं: एक, पिंकी झोपली. दोन, पिंकी पुन्हा झोपली. तिसऱ्या आकड्यापुढे पेनाची एक लांब रेघ कागदाबाहेर गेलेली आहे. म्हणजे बहुतेक मीही झोपले.

पाचवा धडा मात्र माझ्या काळजाला भिडला. ज्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले, त्याला पत्र लिहा. समोर बसून मोठ्याने वाचा. आणि कशासाठी आलात ते आधी अजिबात सांगू नका, म्हणजे आनंद दुप्पट होतो!

सुमेधचा, म्हणजे नवऱ्याचा विचार मी लगेच सोडून दिला. त्याला ‘छान दिसतोयस’ म्हटलं तरी तो ‘काय फुटलं?’ असं विचारतो. माझ्या डोळ्यांपुढे आल्या त्या फ्लॉसी आंटी.

आम्ही मूळचे कराडचे. इथे गिरीजला जेम्स अंकलच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली ते आणि त्यांची बायको, फ्लॉसी आंटी. घरामागे त्यांची केळीची वाडी. रोज दुपारी तीनला आंटी वर येतात, “दे गो बाय तिला,” म्हणतात आणि पिंकीला घेऊन केळींत शिरतात. चारला परत. तो एक तास माझा! केळीच्या पानांतून गाळून आलेलं हिरवं ऊन भिंतीवर हलत असतं, कुठेतरी पाण्याचा पंप गुरगुरत असतो, आणि मी त्या उजेडात मासोळीसारखी तरंगत असते. कधी झोपते, कधी दोन ओळी लिहिते. ह्या तासावर माझी उरलेली अक्कल टिकून आहे. तो गेला, तर मी गेले!

म्हणून पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी. इस्त्रीची साडी नेसले, पिंकीला काखेत मारलं आणि तीनच्या आधीच खाली गेले.

आता एक सांगायचं राहिलं. महिनाभर आंटींचे पाय दुखत होते, म्हणून माणिकपूरला जाऊन त्यांनी रक्त तपासून घेतलं होतं. त्यांचा फोन बटणांचा, म्हणून रिपोर्टसाठी नंबर माझा दिला होता. रिपोर्ट सकाळीच आला होता. मी उघडणारच होते, तेवढ्यात पिंकीने चपलेचा पट्टा तोंडात घातला. मग राहिलंच.

“रिपोर्ट आला काय गो?” आंटींनी दारातच विचारलं.

“आलाय. ते नंतर बोलू,” मी गूढ हसले. “आधी तुम्ही बसा. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

आंटी बसल्या. पिंकीला मांडीवर घेतलं. मी कागदाची घडी उलगडली.

“प्रिय फ्लॉसी आंटी, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, ते मी जन्मभर विसरणार नाही...”

आंटींच्या चेहऱ्यावरचा रंग किंचित उतरला. धड्यात लिहिलंच होतं, समोरचा माणूस भारावेल!

“तुमचे हात, तुमचं हसू, तुम्ही दिलेला माशाच्या कालवणाचा वाडगा, सगळं माझ्या आठवणीत राहील...” इथे मला रडूच कोसळलं. दहा महिन्यांची झोप डोळ्यांतून वाहायला लागली!

वाडीतून जेम्स अंकल केळ्यांचा घड घेऊन आत येत होते. ते दारातच थबकले. घड हळूच खाली ठेवला. डोक्यावरची टोपी काढली.

“किती दिवस म्हणाला डॉक्टर?” आंटींनी शांतपणे विचारलं.

“कसले दिवस?”

“लपवू नको, बाय. आमच्यात कागद काढून माणसाचे गुण वाचतात ते एकदाच, देवळात, म्हणजे चर्चात. आणि ज्याचे वाचतात त्याला ते ऐकू येत नाहीत.”

मी ‘अहो, नाही हो!’ म्हणायला तोंड उघडलं, पण हुंदकाच बाहेर आला. पिंकीनेही भोकाड पसरलं. झालं, शिक्कामोर्तब!

आंटींनी पिंकीला माझ्या हातात दिलं. “हिला सांभाळ. आता सवय कर. उद्यापासून मला जमायचं नाही.”

माझा तास! डोळ्यांपुढे हिरवं ऊन विझलं.

तेवढ्यात रडारड ऐकून तीन घरं पलीकडची त्यांची बहीण, लिडिया आंटी, हात पुसत धावत आल्या. दोघी त्यांच्या बोलीत भराभर बोलायला लागल्या. मला अर्धंच कळत होतं. पण ‘मोठा टोप’, ‘गळ्यातली साखळी’ आणि ‘मिक्सर नको, तो बिघडलाय’ एवढं स्पष्ट ऐकू आलं.

“फ्लॉसी,” जेम्स अंकल घोगऱ्या आवाजात म्हणाले, “तू जाण्याआधी एक सांगतो. तुझ्या आईची ती लोणच्याची बरणी. ती मांजराने नाही फोडली.”

आंटींनी वळून पाहिलं.

“मग कोणी?”

“मी.”

“बावीस वर्षं!” आंटी ताडकन उभ्या राहिल्या. पाय दुखल्याचं कुठे नावच नाही! “बावीस वर्षं मी त्या मुक्या जनावराला शिव्या घालते! ते मरूनही गेलं बिचारं!”

ह्या गदारोळात मी पिंकीच्या मुठीतून फोन सोडवला आणि एका हाताने रिपोर्ट उघडला. तो एक हात खरंच गुणाचा.

“आंटी!” मी किंचाळले. “तुम्हाला काहीही झालेलं नाही! साखर नॉर्मल, रक्त नॉर्मल! फक्त व्हिटॅमिन डी कमी आहे! उन्हात फिरायचंय, एवढंच!”

सगळ्यांत उतरलेला चेहरा जेम्स अंकलचा होता.

“मग हे गुण कशाला वाचलेस?” लिडिया आंटींनी विचारलं.

“सहज. आभार मानायला. सुखी होण्यासाठी,” मी म्हणाले. आणि तो सगळा अभ्यासक्रम त्यांच्यापुढे असा काही मूर्खपणाचा वाटला, की जमीन दुभंगली असती तर मी पिंकीसकट आनंदाने गेले असते.

फ्लॉसी आंटी पुन्हा खाली बसल्या, पदराने डोळे टिपले.

“कालवणापर्यंत आली होतीस,” त्या म्हणाल्या. “पुढे वाच.”

मी दोन्ही पानं वाचली. जेम्स अंकलनी गुपचूप सगळ्यांना केळी वाटली. संपल्यावर आंटींनी पिंकीला उचललं आणि उन्हात निघून गेल्या.

तर माझा तास वाचला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं! पण दुसऱ्या दिवशी तीनला आंटी पिंकीला घेऊन गेल्या, आणि सव्वातीनला लिडिया आंटी वर आल्या, हातात कोरी वही घेऊन. त्यांनाही स्वतःचे गुण ऐकायचे होते, धडधाकट असतानाच. मी त्यांना फारसं ओळखत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, “त्याची काळजी नको. मी सांगते, तू लिही.”

भिंतीवर हिरवं ऊन हलतंय. डोळे मिटत चाललेत. आज सहावं पान चालू आहे, आणि लिडिया आंटी अजून शाळेतच आहेत.